काळ्या पाण्यावरचा हरभरा

मार्गशीर्ष सरत आला की दौंडच्या बाजारात हरभऱ्याचे डहाळे येतात. बायका ओल्या गोणपाटाखाली जुड्या झाकून बसतात आणि गिऱ्हाईक आलं की गोणपाटाचा कोपरा उचलून दाखवतात. माणसं घाटे बघतात. भरलेत की पोकळ, ते बोटांनी दाबून बघतात. मी जुडी उलटी धरते आणि मुळं बघते.

परवा एकीनं विचारलंच, "बाई, मुळं शिजवून खाता का काय तुम्ही?"

मी हसले, पैसे दिले आणि निघाले. रस्त्याच्या कडेला थांबून एका मुळावरची माती झटकली. मुळाला मोहरीपेक्षा जरा मोठ्या गाठी धरल्या होत्या. एक गाठ नखानं फोडली. आत फिकट गुलाबी होतं. मग जुडी पिशवीत टाकून घरी आले आणि ओट्याशी उभी राहून घाटे सोलले. एवढ्या वर्षांत ही सवय गेलेली नाही. ती लागली आणीबाणीच्या वर्षीच्या हिवाळ्यात. तेव्हा मी अकरावीला होते आणि आमचं रान ओढ्याकाठी होतं.

आमचं गाव यवतपासून खाली, भीमेच्या अंगाला. नदी ओलांडली की शिरूर तालुका सुरू होतो. आईचं माहेर तिकडचं, मांडवगण फराट्याचं. आमचं रान वतनातलं. आमच्या वडिलांचे वडील गावकी करायचे, त्यांच्या वाट्याचा तुकडा. वतनं गेली आणि जमीन आबांच्या नावावर झाली. आबा म्हणजे आमचे वडील, किसन. धर्मांतराच्या वेळी ते तरणे होते. गावकी सोडली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं आणि त्यानंतर त्या रानाशिवाय त्यांनी कशातच जीव अडकवला नाही. रान मोठं नव्हतं, पण काळं होतं. ओढ्याचा गाळ वर्षानुवर्षं बसून झालेलं. त्या मातीत पाय टाकला की ती तळव्याला धरून ठेवायची.

हरभरा हे आमचं हिवाळ्याचं पीक. पहाटे रानातून गेलं की पोटऱ्या आंबट दवानं भिजायच्या आणि मग दिवसभर चुरचुरायच्या. आई स्वच्छ धडपं पिकावर पसरून ती आंब गोळा करायची, पिळून बाटलीत भरायची. पोट दुखलं की चमचाभर. मला ती चव अजून जिभेच्या कडेला आठवते.

ओढ्याच्या वरच्या अंगाला पुठ्ठ्याचा कारखाना निघाला तेव्हा आम्ही सगळे आनंदलो होतो, हे सांगायला हवं. पेंढा आणि उसाचं चिपाड शिजवून त्याचा पुठ्ठा करायचे. गावातली काही पोरं कामाला लागली. मग एका पावसाळ्यानंतर ओढ्याचं पाणी चहासारखं झालं. पुढच्या वर्षी काळं. त्यावर पिवळा फेस यायचा, वाऱ्यानं उडून बांधावरच्या गवताला चिकटायचा. वास कुजलेल्या पेंढ्याचा आणि सोड्याचा, दोन्ही एकत्र. कपड्यांना लागायचा, पिठाला लागायचा. मी शाळेत गेले की शेजारची मुलगी बाक सरकवून घ्यायची. ते वासामुळं की आणखी कशामुळं, हे मला तेव्हाही नक्की कळत नव्हतं.

ओढ्याचं पाणी विहिरींना लागलं. विहिरींचं पाणी पिकांना लागलं. रानात ऊन तापलं की पांढरं फूल वर यायचं, मीठ सांडल्यासारखं. माती पावसात चिकट व्हायची आणि वाळली की विटेसारखी. कुदळ मारली तर कुदळच वर उडायची. आबा ते पांढरं बोटावर घेऊन जिभेला लावायचे आणि थुंकायचे. रोज. जणू एक दिवस त्याची चव बदललेली असेल.

आमच्या रानाला लागून आप्पांचं रान होतं. आप्पा गावातले मोठे शेतकरी, सोसायटीवर होते, त्यांच्या शब्दाला वजन होतं. आबांपेक्षा थोडेच मोठे, पण आबा त्यांना 'आप्पा, तुम्ही' म्हणायचे आणि ते आबांना 'किसन, तू'. त्यांचं रान आमच्या कितीतरी पट, आणि ओढ्याला जास्त लागून. त्यांचं नुकसानही तसंच मोठं. कारखान्याविरुद्ध अर्ज करायचा त्यांनीच ठरवलं. ओढ्याकाठच्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आबांची सही घ्यायला ते आमच्या वस्तीच्या तोंडाशी आले, तिथंच थांबले, आणि आबांनी बाहेर जाऊन सही केली. ते वर्ष असं होतं की मोर्चा काढायची कुणाची छाती नव्हती. अर्ज एवढंच हातात होतं. सरकारी साहेब पाहणीला येतील, असं कळलं होतं. कधी येतील, ते कुणी सांगत नव्हतं.

माझा भाऊ सुदाम, आम्ही दादा म्हणायचो, पुण्याला शेतकी शिकून तिथल्याच एका प्रयोगशाळेत लागला होता. मातीतल्या जिवाणूंचं काम. आदल्या हिवाळ्यात तो सुटीला आला तेव्हा आमचा हरभरा जळून गेला होता. सगळं रान पिवळं, आणि बांधाच्या कडेला पाच-सहा झाडं तेवढी हिरवी उभी. दादा त्या झाडांपाशी उकिडवा बसला तो उठेच ना. मग त्यानं ती मातीसकट खणून काढली, ओल्या फडक्यात बांधली आणि पुण्याला घेऊन गेला.

आई म्हणाली, "जगलेली तेवढीच व्हती, ती बी नेली."

त्या झाडांच्या मुळांवर गाठी होत्या आणि गाठी जिवंत होत्या. एवढ्या खारट मातीत जे जिवाणू तगले, ते दादानं वर्षभर बाटल्यांमधून वाढवले. त्याच्या वरच्या सरांनी त्याला ते करू दिलं, ही त्यांची मेहेरबानी. पेरणीच्या वेळी तो आला तो टोपलीत ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या बाटल्या घेऊनच. गाडीत कुणी टोपलीवर पाय ठेवू नये म्हणून यवतपर्यंत ती मांडीवर धरली होती, म्हणाला.

"ह्यात काय हाय?" आईनं विचारलं.

"जीव आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत. मुळात घर करतात आणि झाडाला जगवतात. त्यांना ऊन सोसत नाही, गार जागी ठेव."

आईनं बाटल्या माठाशेजारी ठेवल्या. वर ओलं फडकं टाकलं आणि म्हणाली, "म्हंजी विरजणच की."

पुढं सगळं गाव त्याला 'सुदामचं विरजण'च म्हणायला लागलं.

दुसरी एक बारकी कुपी होती. तिच्यात संजीवक. झाडाच्या अंगातच असतं ते, दादा म्हणाला, वाढ कर, मूळ फोड, असं झाडाला सांगणारं. खारट मातीत बी दबून जातं, मान वर काढत नाही, म्हणून पेरायच्या आधी त्याला बाहेरून थोडं द्यायचं. किती थोडं, तर बादलीभर पाण्यात चिमूटही नाही. आबांना ते पटेना. एवढ्यानं काय होणार. दादा म्हणाला, "आबा, जास्त झालं तर बी मरतं."

मांडवगणहून मामानं बियाणं पाठवलं होतं. ते आम्ही संजीवकाच्या पाण्यात भिजवलं, सावलीत गोणपाटावर पसरून कोरडं केलं. मग गूळ पाण्यात उकळून गार केला, त्यात विरजण कालवलं आणि बियांना हलक्या हातानं चोळलं. माझ्या बोटांना गुळाचा चिकटपणा आणि मातीचा वास लागला होता. दाणे काळपट, चकचकीत झाले. आई, मी आणि दादा गोणपाटाभोवती बसलो होतो, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी घरात हळद कालवताना असते तशी काहीतरी धास्ती होती.

मग भांडण झालं. दादानं रानाच्या मधोमध दोरी धरली आणि म्हणाला, दोरीच्या अलीकडं हे बियाणं, पलीकडं साधं.

"साधं कशाला?" आई म्हणाली.

"फरक कळायला."

"म्हंजी अर्धं रान मुद्दाम मरू द्यायचं?"

"आई, त्याशिवाय कसं कळणार की ह्यानंच आलं?"

"मला कळायची गरज न्हाई. मला हरभरा पायजे."

दादा दोरीची गाठ पुन्हा आवळायला लागला. शेवटी आबा बोलले. "पेरू दे त्याला तसं. दोन साल सगळंच मेलं, तवा काय केलं आपण." आई पदर खोचून दोरीच्या अलीकडं पेरायला लागली. पलीकडच्या अर्ध्यात ती त्या हंगामात एकदाही फिरकली नाही.

अलीकडचा हरभरा उगवला. पलीकडचाही उगवला, पण विरळ, आणि वीतभर व्हायच्या आत पानांच्या कडा करपल्या. अलीकडचा पोटऱ्यांना लागला. दादा दर आठवड्याला पुण्याहून यायचा, आल्या आल्या एक झाड उपटायचा, मूळ धुवायचा, गाठ फोडून आतला रंग बघायचा. गुलाबी असेल तर आतले जीव कामावर आहेत. मलाही शिकवलं. मी शाळेतून आले की चोरून एखादं झाड उपटायचे आणि आई ओरडायची. फुलं आली, जांभळट, आणि ओढ्याच्या वासातसुद्धा रानात उभं राहिलं की हरभऱ्याचा वास वेगळा कळायला लागला. त्या दिवसांत आबा चालताना हात मागे बांधून चालायचे. आधी कधी तसे चालत नसत.

कासुर्डीकडून माणसं बघायला आली, नदीपलीकडून आली. आमच्या रानाच्या बांधावर एवढी पागोटी आणि टोप्या मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या. दादा प्रत्येकाला दोरी दाखवायचा.

आप्पा आले ते सगळ्यांच्या नंतर. दिवस मावळतीला होता. ते वस्तीच्या तोंडाशी थांबले नाहीत, सरळ आमच्या दारात आले. आईनं घोंगडी टाकली. ते बसले. आईनं पाणी आणलं, त्यांनी तांब्या हातात घेतला आणि शेजारी ठेवला.

"किसनराव," आप्पा म्हणाले.

आबांनी मान वर केली. आम्ही सगळ्यांनीच केली. जन्मात पहिल्यांदा ते आबांना राव म्हणत होते.

"साहेब येणार हायती. पुढच्या हप्त्यात. निरोप आलाय."

"बरं झालं की."

"बरं कसलं. समद्या ओढ्याकाठी एकच रान हिरवं हाय. तुमचं. ते बघितलं म्हंजी झालं. म्हणतील, पाणी तर बरं हाय, तुम्हालाच शेती जमत न्हाई." आप्पांनी गुडघ्यांवर हात टेकले. "माझं ऐका. ते नांगरून टाका. साहेब येऊन जायच्या आत. समद्यांचं भलं हाय त्याच्यात. नुकसान समदे मिळून भरून देऊ."

आबांनी जमिनीवरची काडी उचलून मोडली. मग हळूच म्हणाले, "आप्पा, इतक्या वर्षांत तुम्ही माझ्या दारात पयल्यांदा आलासा. आन् मागायला आलासा ते बी असं, की उभं पीक उपटून टाक."

आप्पांचा चेहरा उतरला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या विहिरीचं पाणी गुरं पीत नव्हती, बैल विकले होते. ते म्हणाले, "माझं चुकत आसंल. पर मी खोटं बोलत न्हाई."

दादा मध्ये बोलला. "आप्पा, मी अर्धं रान तसंच ठेवलंय. तेच पाणी, तीच माती, आणि पीक जळलेलं. साहेबांना दोन्ही दाखवू. पाण्यानं काय होतं याचा याहून चांगला पुरावा कुठं मिळणार?"

आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. "तू शिकलेला हाईस, सुदाम. पर तुला माणसं ठाव न्हाईत."

ते उठून गेले. तांब्या तसाच भरलेला होता. आईनं तो उचलला आणि तुळशीला की कशाला घालावा तसा दारातल्या शेवग्याच्या बुडाशी रिता केला. ते पाणी आमच्या विहिरीचं होतं, तांबूस. त्यांनी ते का प्यायलं नाही, हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्यानं विचारला नाही.

पीक नांगरायचं नाही, असं ठरलं. खरं तर ठरवलं कुणीच नाही. सकाळी आई नेहमीसारखी खुरपं घेऊन रानात गेली, आणि तेच उत्तर झालं.

जीप आली. साहेब मध्यमवयीन होते, शांत, ऐकून घेणारे. बरोबर कारखान्याचे मॅनेजर, गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस, आणि मागं सगळं गाव. आप्पा गर्दीच्या कडेला. आधी ते आप्पांच्या रानात गेले, पांढरी माती पाहिली, साहेबांनी ती चिमटीत घेऊन चोळली. मग आमच्याकडं आले. दादानं स्वच्छ शर्ट घातला होता. त्यानं सगळं नीट सांगितलं, न घाबरता, पुस्तकात लिहिल्यासारखं. साहेबांनी मध्ये दोन प्रश्नही विचारले, आणि ते शहाणे प्रश्न होते. एक झाड उपटून दादानं त्यांना गाठी दाखवल्या. ते वाकून बघत होते तेव्हा मला वाटलं, झालं, आता यांना कळलं.

मग दादा त्यांना दोरीपलीकडं घेऊन गेला. करपलेली, बोटभर झाडं. "साहेब, पाणी तेच, माती तीच. इथं आम्ही काही वापरलेलं नाही. त्या पाण्यानं मुळात काय होतं ते हे आहे."

साहेबांनी पिवळ्या पट्ट्याकडं पाहिलं, हिरव्याकडं पाहिलं.

"इथं ते औषध घातलं नाही?"

"नाही."

"मग घाला की," साहेब म्हणाले. अगदी सरळपणे म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

मॅनेजर लगेच पुढं झाले. "साहेब, आम्ही हेच म्हणतो. शास्त्रीय पद्धत वापरली तर अडचण कुठंय?" त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. कॅमेरावाल्यानं दादाला हिरव्या हरभऱ्यात उभं केलं. दादा "साहेब, पण" असं काहीतरी म्हणत होता, तेवढ्यात फोटो निघाला. त्या फोटोत त्याचं तोंड उघडं आहे. तो पुढं कारखान्याच्या कचेरीत लावलेला मी स्वतः पाहिला आहे.

निर्णय आला. सांडपाण्यामुळं पीक येत नाही असं सिद्ध होत नाही, शेतकऱ्यांना सुधारित पद्धतीचं मार्गदर्शन मिळावं. आप्पांनी ते चावडीपुढं वाचून दाखवायला लावलं आणि घरी निघून गेले. आबांना ते कुणी येऊन सांगितलं नाही. मीच शाळेतून येताना ऐकलं.

त्या दिवसानंतर, का कोण जाणे, आमच्या घरातलं बोलणं आखडलं. हरभरा काढला, खळ्यावर बडवला, उफणला. दाणा चांगला भरला होता. आईनं पहिलं पीठ दळून पिठलं केलं. ताटं वाढली आणि दादा म्हणाला, "थांबा जरा."

झाड जगलं, पण जगताना त्यानं मातीतलं काय काय आत घेतलं, दाण्यात काय उतरलं, हे दादाला माहीत नव्हतं. दाणे पुण्याला नेऊन तपासून घ्यायचे म्हणत होता. आईनं त्याच्याकडं पाहिलं. "तपासून काय म्हणले तर टाकून देऊ? आन् मग काय खाऊ?" तिनं स्वतःच्या ताटात भाकरी मोडली आणि खायला लागली. मग आबांनी. मग मी. दादानं शेवटी. पिठल्याला पिठल्याचीच चव होती. दादानं पुण्याला दाणे नेले, पण असलं काही तपासायची तिथं सोय नव्हती. आजपर्यंत आम्हाला ते कळलेलं नाही. आईला पुढं पोटाचं दुखणं झालं, त्यातच ती गेली. त्याचा याच्याशी संबंध असेल, नसेल. मी तो जोडत नाही. पण जोडायचा नाही असं मला दरवेळी ठरवावं लागतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला मॅनेजरनी दादाला बोलावलं. तो मला सोबत घेऊन गेला, बहुतेक एकट्यानं जायला नको म्हणून. त्यांनी चहा दिला. बोलणं गोड होतं. कारखाना स्वतःच्या खर्चानं ओढ्याकाठच्या सगळ्या शेतकऱ्यांना विरजण पुरवायला तयार होता. दादानं नोकरी सोडून इथं यावं, कारखान्यातच लहानशी प्रयोगशाळा काढू. गावाचं भलं होईल, घराजवळ राहता येईल.

दादा म्हणाला, "मी येतो. पण आधी ओढ्यात सांडपाणी सोडणारा तो नळ बंद करा. पाणी साफ करून सोडा. मग जमीन लवकर सुधारेल, मी दाखवतो सुधारून."

मॅनेजर हसले. वाईट हसले नाहीत. "अहो, नळ बंद केला तर तुमच्या विरजणाची गरज काय राहिली?"

परतीच्या वाटेवर ओढ्याच्या काठानं आम्ही चालत होतो, फेस वाऱ्यावर उडत होता. गावाजवळ आल्यावर दादा म्हणाला, "शांता, झाडाला सोसायला शिकवलं मी. ते बरं केलं का?" मी सतरा वर्षांची होते. मी काय सांगणार होते. उपाशी माणसाला तग धरायला मदत करणं आणि त्याला उपाशी ठेवणाऱ्याला मदत करणं, यांच्यात एक बांध असतो, आणि तो नेमका कुठं असतो ते आत उभं असताना दिसत नाही.

त्यानं नोकरी नाकारली. आबा म्हणाले, "बरं केलंस." गावातच एक पगार घरात आला असता, हे आईच्या तोंडावर दिसत होतं.

कारखान्यानं थांबायचं कारण नव्हतंच. त्यांनी कुठूनतरी विरजणाची पाकिटं मागवली. कुठल्या पिकाची, कधीची, देव जाणे. ती पेरणीआधी आठवडाभर उघड्यावर, पत्र्याखाली तापत पडली होती. दादानं जाऊन सांगितलं, हे जीव मेलेत, हे लावू नका. लोकांनी लावलं, कारण फुकट होतं आणि दुसरं काही नव्हतं. काही उगवलं नाही. गावात म्हणायला लागले, सुदामचं विरजण खोटं होतं, साहेबाला दाखवायला केलेलं. काही जण तर म्हणाले, कारखान्याशी आतून संगनमत होतं, फोटो बघा की.

त्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा तेच बियाणं, तेच संजीवक, तीच काळजी घेऊन पेरलं. या खेपेला दादानं दोरी धरली नाही. सगळ्या रानात चांगलंच पेरलं. कारखान्यानं काम वाढवलं होतं, पाणी आणखी दाट झालं होतं. झाडं गुडघ्याच्या खाली थांबली, मग पिवळी झाली. दादानं मूळ उपटून गाठ फोडली. आत तपकिरी होतं. त्यानं ती बोटावर तशीच ठेवली, आबांना दाखवली. जिवाणूंनासुद्धा सोसायची एक हद्द असते.

आप्पा त्यांच्या रानातून बांध ओलांडून आले. वर्षभर बोलले नव्हते. आबांच्या शेजारी बांधावर बसले. दोघं कितीतरी वेळ दोन्ही रानांकडं बघत राहिले. मग आप्पांनी बंडीच्या खिशातून तंबाखूची पिशवी काढली, चुना लावून मळली आणि अर्धी आबांच्या तळहातावर ठेवली. आबांनी ती तोंडात टाकली.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. कारखाना काही वर्षांनी बंद पडला, आमच्या अर्जामुळं नव्हे, तोट्यात गेला म्हणून. ओढा साफ व्हायला आणखी काही पावसाळे गेले. दादा दर पावसाळ्यात येऊन रानात धैंचा पेरायचा, त्याचंही विरजण लावून, आणि हिरवा असतानाच मातीत गाडायचा. आधी हराळी आली, मग बाजरी. हरभरा आला तेव्हा आबा नव्हते. आप्पांच्या मुलांनी त्यांची जमीन तोवर विकली होती. लोक विचारतात, तेव्हा ते पीक नांगरलं असतं तर. कदाचित साहेबांनी दुसरं कुठलं तरी हिरवं शोधलं असतं. कदाचित नसतंही.

आता जिवाणूंच्या बाटल्या दुकानात रांगेनं मिळतात, संजीवकंही. दादा सत्तरी ओलांडून बसला आहे. गुडघे दुखतात, पण कुणी बोलावलं की जातो. गेल्या महिन्यात शिरूरकडच्या एका शेतकऱ्यानं बोलावलं, रान खराब होतंय म्हणून. दादानं मलाही गाडीत बसवलं. आम्ही पोचलो, शेतकरी बांधावर वाट बघत होता, हातात कुठल्याशा कंपनीची बाटली. त्याला फक्त किती टाकायचं ते हवं होतं. दादानं रामराम केला, काठी घेतली आणि रानाकडं न वळता चारीच्या कडेनं उलट्या अंगाला, चढाकडं चालायला लागला.

"आबा, तिकडं न्हाई," शेतकरी मागून म्हणाला. "पीक इकडं हाय."

"येतो की," दादा म्हणाला, मागं न बघता. "आधी हे पाणी कुठनं येतंय ते बघू."

ऊन चढत होतं. मी त्याच्या मागून निघाले. शेतकरी थोडा वेळ तिथंच उभा राहिला, मग बाटली बांधावर ठेवून तोही आमच्या मागून यायला लागला.